दवंडी जनावराला, नोंद पैशाला

जामनेरच्या शिवारात एखादी चुकार म्हैस दुसऱ्याच्या कपाशीत शिरली आणि शेतवाल्याने ती हाकत नेऊन कोंडवाड्यात घातली, तर पुढे काय करायचे हे इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्यात मोठ्या बारकाईने लिहून ठेवले होते. सात दिवस मालकाची वाट पाहायची. तो आला नाही तर जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचे. ठाणेदाराने जनावरे किती, कोणत्या वर्णनाची, कुठे धरली आणि कुठे कोंडली हे लिहून कचेरीच्या दर्शनी जागी नोटीस लावायची. शिवाय ज्या गावात जनावर धरले त्या गावात आणि तिथून जवळच्या बाजारात ढोल वाजवून तो मजकूर पुकारायचा. त्यानंतर आणखी सात दिवस उलटले, तरच लिलाव. दंड आणि चारापाण्याचा खर्च वजा जाऊन जी रक्कम उरेल ती जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे तीन महिने अनामत राहायची आणि तोवरही कुणी हक्क शाबीत केला नाही तर सरकारजमा व्हायची. आता तालुक्याच्या मामलेदार कचेरीत एखाद्या शेतकऱ्याच्या नावे जमिनीच्या मोबदल्याची रक्कम पडून राहिली, तर काय होई? त्या रकमेची एका रजिस्टरात एक ओळ लिहिली जाई. ती ओळ तीन पुरी हिशेबी वर्षे तिथे राही आणि पुढच्या ३१ मार्चला रक्कम सरकारी जमेच्या खात्यात वळती होई. ढोल वाजवण्याची तरतूद नव्हती. म्हशीला जो मान होता तो माणसाच्या पैशाला नव्हता.

सरकारदरबारी बेवारस पडलेला पैसा लोकांच्या विसराळूपणातून साचतो, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. आजोबांनी कागद हरवला, काकांनी सांगितलेच नाही, पोरे शहरात गेली, असे म्हणून आपण विषय संपवतो. जामनेर तालुक्याचा आणि एकूण खानदेशाचा दोनशे वर्षांचा महसुली इतिहास पाहिला तर मला हे पटत नाही. मालकाचा हक्क या काळात कायद्याने फारसा कधी नाकारलाच नाही. बदलले ते एवढेच, की मालकाला शोधायचे कुणी. एके काळी ते काम थोडेफार गावाचे आणि सरकारचे होते. कचेरीत ट्रेझरीची शिस्त आली तसे ते सरकून दावेदाराच्या डोक्यावर गेले. जो येऊन मागेल त्याला मिळेल, हे तत्त्व दिसायला निःपक्षपाती असते. पण मागायला आधी कळावे लागते, आणि कळवण्याची जबाबदारी कुणाचीच उरली नाही की चांगल्या घरचा, चांगल्या स्मरणशक्तीचा माणूसही बेवारस ठरतो.

आधीची रीत काय होती ते नीट पाहिले पाहिजे, कारण तिथेच या म्हणण्याचा पाया आहे. देशावरच्या गावांत थळझाडा नावाचा कागद असे. त्यात गावची जमीन मूळ घराण्यांच्या नावाने थळाथळांत मांडलेली असे. घराणे परागंदा झाले, कुळ बुडाले, तरी थळाचे नाव बदलत नसे. अशा जमिनीला गतकुळ म्हणत. कर्नल साइक्सने १८३५ साली दख्खनच्या जमीनधारणेवर जो निबंध प्रसिद्ध केला त्यात या गतकुळाची सविस्तर दखल आहे, आणि पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये लिहिलेल्या अहवालातही गैरहजर मिरासदाराचा, म्हणजे वंशपरंपरेने जमीन धरणाऱ्याचा, प्रश्न आहे. पाटील ती जमीन उपऱ्याला करायला देई, सारा वसूल करी. पण मूळ मिरासदार बऱ्याच वर्षांनी परतला आणि थकबाकीचा निकाल लावायला तयार झाला, तर त्याचा हक्क गाव मान्य करी. काही ठिकाणी पिढी उलटली तरी. इथे लगेच कुणी म्हणेल की हे पुण्या-सातारकडचे झाले, खानदेशात मिरासीचा जोर तेवढा नव्हता. खरे आहे. पण खानदेशाची गरज उलट जास्त निकडीची होती. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांनी प्रांत लुटला, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला, मग पेंढारी आणि डोंगरातल्या भिल्लांचे हल्ले. गावेच्या गावे बेचिराग झाली. सातपुड्याकडची, तापीकाठची, अजिंठ्याच्या डोंगराखालची माणसे वाट फुटेल तिकडे गेली. अशा मुलखात सरकारला जमिनीपेक्षा माणूस दुर्मिळ होता. म्हणून कौल देऊन, सारा पहिली काही वर्षे हलका ठेवून, तगाई देऊन रयत परत बोलवायची, हे धोरण मराठ्यांचेही होते आणि १८१८ नंतर खानदेशात आलेल्या कॅप्टन ब्रिग्जलाही तेच चालवावे लागले. मालकाने येऊन मागावे म्हणून सरकार थांबत नव्हते. मालक यावा म्हणून सरकारच निरोप धाडत होते. हे दयेपोटी नव्हते, साऱ्यापोटी होते, हे मान्य. तरी परिणाम तोच.

या जुन्या रिवाजाचे गोडवे गाण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे, आणि इथे मला पहिल्या खऱ्या आक्षेपाला उत्तर द्यायचे आहे. गावाची स्मृती सर्वांना सारखी वागवत नसे. थळझाड्यात ज्यांची नावे होती त्यांचेच परतणे गाव ओळखे. विधवा, लेक, महारवाड्यातले वा भिल्लवस्तीतले कुटुंब, यांच्यासाठी कोण साक्ष देणार होते? आणि पेशवाईतले सरकार बेवारस मालाच्या बाबतीत काही विरक्त नव्हते. निपुत्रिक मेलेल्याची चीजवस्त सरकारात जाई, दत्तक घ्यायचा तर नजराणा भरावा लागे. एवढे सगळे मान्य करूनही एक गोष्ट उरते. शास्त्रानेही राजाला अशा मालाचा रखवालदारच मानले होते. मालक नसलेली वस्तू राजाने तीन वर्षे राखावी, तेवढ्यात मालक आला तर त्याची, नंतर राजाची, असे मनूने सांगितले. महाराष्ट्रात ज्या मिताक्षरेवर वारसाहक्काचे कज्जे चालले त्या विज्ञानेश्वराच्या टीकेत याच्या पुढचा विचार आहे. राखणीबद्दल राजाने ठरावीक वाटा घ्यावा, तीन वर्षांनी द्रव्य वापरायलाही हरकत नाही, पण मालक उशिरा उगवलाच तर आपला वाटा कापून बाकीचे तेवढेच त्याला द्यावे. म्हणजे मुदत ही पैसा वापरायची परवानगी होती, मालकी संपल्याचा दाखला नव्हता. तीन वर्षांचा हा आकडा पुढे ट्रेझरीच्या नियमांत पुन्हा भेटतो. इंग्रजांनी मनू वाचून तो घेतला असे मी म्हणत नाही. हिशेबाची वही कुणीही ठेवो, तीन वर्षांत तिचा कंटाळा येतो, एवढेच बहुधा कारण असावे.

इंग्रजी अंमलाने सुरुवात तशी बरी केली. एल्फिन्स्टनच्या काळात झालेल्या १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनांपैकी आठवे वारसांना ओळखण्याविषयीचे होते. वारस म्हणून कुणी अर्ज केला की कोर्टाने जाहीरनामा काढायचा, हरकती मागवायच्या आणि मग दाखला द्यायचा. हे रेग्युलेशन अजून जिवंत आहे. जळगाव-धुळ्याच्या दैनिकांत आतल्या पानावर बारीक टाइपात ज्या वारस दाखल्याच्या जाहीर नोटिसा छापून येतात, त्या याच दोनशे वर्षे जुन्या कायद्याखालच्या. पण नोटिशीची दिशा पाहा. दाखला मागणाऱ्याला हरकत कोण घेते हे शोधण्यासाठी ती नोटीस आहे. ज्याचे पैसे पडून आहेत त्याला शोधण्यासाठी नाही. खर्चही अर्जदाराचा. १८६० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मछलीपट्टणच्या कलेक्टरच्या खटल्यात दुसरी बाजू पक्की केली. ब्राह्मणाचे बेवारस धन राजाने घेऊ नये या शास्त्रवचनाचा आधार घेतला गेला होता. कौन्सिलने सांगितले की वारस नसेल तर मालमत्ता सार्वभौम सत्तेकडे जाते, मग ती कुणाचीही असो, मात्र तिच्यावरच्या देण्यासकट. स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या कलम २९६ ने हाच हक्क राज्यांना दिला आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २९ ने तो घरोघरच्या कायद्यात आणला. थोडक्यात, मराठ्यांपासून आजपर्यंत बेवारस धन सरकारचे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो बेवारस कुणाला म्हणायचे आणि ते ठरवण्याआधी किती शोध घ्यायचा, यावर.

हा फरक जमिनीत आणि पैशात कसा वेगळा पडतो ते महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३४ मध्ये स्वच्छ दिसते. मृत्युपत्र न करता आणि ज्ञात वारस मागे न ठेवता खातेदार मेला, तर कलेक्टरने जमीन ताब्यात घ्यायची आणि एकेका वर्षाच्या पट्ट्याने लावायची. तीन वर्षांत कुणी दावेदार आला तर चौकशी करून जमीन त्याला परत देता येते. दावा फेटाळला तर त्याला एक वर्षात दिवाणी दावा करता येतो. तीन वर्षांत कुणीच आले नाही तर लिलाव. आणि लिलावानंतर हक्क शाबीत करणाऱ्याला जमीन मिळत नाही, पण आलेला खंड आणि विक्रीची रक्कम, सारा व खर्च वजा करून, मिळते. गतकुळ जमिनीचा हा सुधारून बांधलेला नातूच म्हणायचा. एका वर्षाच्या पट्ट्याची अट मला विशेष वाटते, कारण तिच्यात मालक परत येईल ही अपेक्षा कायद्याने धरून ठेवली आहे. जमीन शिवारात डोळ्यांसमोर असते. ती दुसरा कुणी कसतो आहे हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते, त्याची चर्चा होते, सुरतेला गेलेल्या पुतण्याच्या कानावर जाते. एकदा का तिचे पैसे झाले, की ती बातमी होण्याची शक्यता संपली. पैसा रजिस्टरात कुणाला दिसत नाही.

जमिनीखालच्या पैशाचा मात्र सरकारने भलताच जागर केला. १८७८ चा सहावा कायदा गुप्तधनाचा. दहा रुपयांवरचे पुरलेले धन ज्याला सापडेल त्याने कलेक्टरला लेखी कळवायचे, धन जवळच्या सरकारी तिजोरीत ठेवायचे किंवा तारण द्यायचे. कलेक्टरने जाहीरनामा काढून दावेदारांना बोलवायचे, आणि ती तारीख चार महिन्यांच्या आत नको, सहा महिन्यांच्या पुढे नको. सापडण्याच्या आधीच्या शंभर वर्षांत ते दावेदाराने किंवा त्याच्या पूर्वजाने पुरले असावे असे वाटले, तर कलेक्टरने काम तहकूब करून त्याला दिवाणी कोर्टात हक्क शाबीत करायला वेळ द्यायचा. कुणीच मालक नाही असे ठरले, तर दुसरा काही करार नसल्यास सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागामालकाला एक चतुर्थांश. लपवून ठेवले तर वर्षापर्यंत कैद. खानदेशाच्या दृष्टीने यातली शंभर वर्षांची रेघ लक्षात घेण्यासारखी आहे. बँका नव्हत्या, लुटीचा काळ होता, तेव्हा लोक पैसा-अडका चुलीच्या बाजूला, गोठ्यात, विहिरीच्या काठाला पुरत. होळकरी धामधुमीत १८०२ साली पुरलेला हंडा १८७८ मध्ये अवघा शहात्तर वर्षांचा होता. म्हणजे कायदा झाला त्या दिवशी, आजोबाने पुरलेल्या धनावर नातवाचा दावा खानदेशात अगदी कायदेशीर होता आणि तो १९०२ पर्यंत राहणार होता. नातवाने ते शाबीत कसे करायचे, हा प्रश्न अलाहिदा. पण सरकारने निदान शंभर वर्षे मागे पाहण्याची तयारी दाखवली होती, सहा महिन्यांपर्यंत पुकारा करण्याची दाखवली होती. आपल्याच तिजोरीत आपल्याच कारकुनाने नाव लिहून ठेवलेल्या रकमेच्या बाबतीत ही उदारता कुठे गेली?

ती कुठे गेली याचे उत्तर ट्रेझरीच्या रचनेत आहे. तालुक्याच्या ट्रेझरीची पेटी दुहेरी कुलपाची: एक किल्ली अधिकाऱ्याकडे, दुसरी खजिनदाराकडे. नाणे पारखून घेणाऱ्याला पोतदार म्हणत. ते नाव पेशवाईतून तसेच कचेरीत आले आणि कित्येक घरांचे आडनाव होऊन बसले. या व्यवस्थेचा सगळा रोख एका गोष्टीवर: आत आलेला पैसा चुकीच्या हाताने बाहेर जाऊ नये. ठेवींचे वर्ग पाडलेले. महसुली ठेव, दिवाणी कोर्टाची ठेव, फौजदारी कोर्टाची ठेव, अनामत. एखाद्या निवाड्यातला न उचललेला मोबदला, थकबाकीपोटी झालेल्या लिलावात जास्त आलेली रक्कम, जामीन म्हणून भरलेली रोकड, ठेकेदाराची परत न नेलेली अनामत, सगळे यात. प्रत्येक ठेवीला क्रमांक आणि परतफेडीसाठी समोर कोरा रकाना. वर्षअखेरीला किरकोळ शिलका आणि तीन पुऱ्या हिशेबी वर्षांत कुणी न मागितलेल्या ठेवी काढून त्यांची यादी महालेखापालांकडे जायची आणि रक्कम सरकारजमा व्हायची. याला व्यपगत ठेव म्हणतात. खानदेशापुरती ही यादी मुंबईला जाई. ती जामनेरच्या बाजारात किंवा पहूर, शेंदुर्णी, नेरीच्या चावडीवर वाचून दाखवली पाहिजे, असे कुठलाच हिशेबी नियम सांगत नव्हता. गंमत अशी, की त्याच नियमांनी हक्क मात्र शाबूत ठेवला. व्यपगत झालेली रक्कम महालेखापालांच्या मंजुरीने परत देता येते. रक्कम खरोखर जमा झाली होती, ती व्यपगत म्हणून सरकारजमा झाली, आणि मागणारा तोच आहे, एवढे दाखवले म्हणजे झाले. विज्ञानेश्वर म्हणाला होता तेच. फक्त शोध कुणी घ्यायचा, या जागी कायदा गप्प.

या गप्प राहण्याची किंमत भूसंपादनात सर्वांत जास्त मोजावी लागली. जामनेर तालुक्याने सार्वजनिक कामांसाठी जमीन पिढ्यान्पिढ्या दिली आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पाचोरा-जामनेर ही अडीच फुटी लाईन आली, जिला सारा मुलूख पीजे म्हणतो. पुढे वाघूरचे धरण, कालवे, पाझर तलाव, रस्ते. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात जमीन घेण्यासाठी काय काय करावे लागे ते पाहा: सरकारी राजपत्रात अधिसूचना, गावात सोयीच्या जागी जाहीर नोटीस, १९८४ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्तमानपत्रांतही, मग संबंधितांना हजर राहण्याची नोटीस, निवाडा, निवाड्याला हजर नसलेल्यांना पुन्हा नोटीस. घ्यायच्या वेळी सरकार चार-चारदा हाक मारते. द्यायच्या वेळी मात्र कलम ३१ म्हणते की पैसे देऊ करा, आणि घ्यायला कुणी तयार नसेल, हक्काचा वाद असेल किंवा जमीन हस्तांतरित करायला सक्षम असे कुणी नसेल, तर रक्कम कोर्टात जमा करा. पुढे हाक नाही. शिवाय वाद असतोच. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव, त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. खाली कुणाच्या तरी नावापुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता. आणि तो अज्ञान मुलगा आता नातवंडांना घेऊन बसतो. कुटुंब कधीच फुटले, मॅनेजर कधीच वारला, पण निवाड्यातले नाव तेच. मोबदल्याचा चेक त्या नावाने निघाला की घरात कुणालाच तो वटवता येत नाही. हा विसराळूपणा नव्हे. हे सरकारच्याच दप्तराने तयार केलेले बेवारसपण आहे.

त्यात माणसे हललेली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ, प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएन्झा. या तालुक्याला लागून निजामाची हद्द होती. फर्दापूरकडे सरकलेल्या कुटुंबाला इंग्रजी मुलखातल्या कचेरीची नोटीस कशी पोहोचणार? पुढे गिरण्या आणि लूम खुणावू लागले. आज सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये अहिराणी ऐकू येते, तशी जामनेर-भुसावळकडची तावडीही. भिवंडी, पुणे, नाशिक आहेतच. आणि लेकींचे काय? १९५६ पासून, आणि वडिलोपार्जित मिळकतीत २००५ पासून अधिक ठळकपणे, त्यांचा हिस्सा कायद्याने आहे. पण हक्कसोड लिहून न घेतलेली बहीण हे नाव निवाड्यात येत नाही, आणि आले तर भाऊ म्हणतात तिला विचारायचे कशाला. अशा रकमा वर्षानुवर्षे पडून राहतात तेव्हा त्यांवर दावा नाही असे म्हणणे, हे फार सोयीचे बोलणे आहे.

तिजोरीत पडलेला पैसा मालकाला ‘दिला’ असे म्हणायचे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही गेला, आणि तोही महाराष्ट्रातूनच. २०१४ मध्ये पुणे महानगरपालिका विरुद्ध हरकचंद मिसरीमल सोळंकी या खटल्यात न्यायालयाने सांगितले की मोबदला सरकारी तिजोरीत जमा करणे म्हणजे तो जमीनमालकाला देणे नव्हे. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्यातल्या कलम २४ मुळे त्या निकालावर देशभर जुनी संपादने रद्द होऊ लागली. मग २०२० मध्ये इंदूर विकास प्राधिकरणाच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल फिरवला: सरकारने रक्कम देऊ केली म्हणजे त्याचे कर्तव्य झाले, मालकाने ती घेतली नाही किंवा ती कोर्टात भरली गेली नाही म्हणून संपादन रद्द होत नाही, फार तर व्याज. दुसऱ्या निकालामागचे कारण मी समजू शकतो. धरण बांधून पाणी सुटल्यावर, मोबदला नाकारून बसलेल्या माणसाने संपूर्ण संपादनच उलटवावे, हे चालणार नाही. पण जो नाकारून बसला आणि ज्याला कधी कळलेच नाही, हे दोघे एका तराजूत बसवले गेले, ही माझी तक्रार आहे. देऊ करणे हे समोर माणूस असेल तरच होते. पन्नास वर्षांपूर्वी वारलेल्या मॅनेजरला काय देऊ करणार?

आक्षेप घेणारे म्हणतील, सरकारने किती काळ वह्या वागवायच्या? तीन वर्षांनी हिशेब मिटवणे ही व्यवहाराची गरज आहे. कबूल, आणि हिशेब मिटवायला कुणी मनाई केलेली नाही. मुद्दा मिटवण्याआधी पुकारण्याचा आहे. दुसरे म्हणतील, याद्या जाहीर केल्या तर तोतये वारस रांगा लावतील. ही भीती पोकळ नाही, जमिनीच्या व्यवहारांत तोतयांचे अनुभव सगळ्यांना आहेत. पण गुप्तधनाच्या कायद्यात जाहीरनामा आहे, कोंडवाड्यात ढोल आहे, वारस दाखल्यात वर्तमानपत्र आहे, आणि तिथे सगळीकडे ओळख पटवण्याचा टप्पा नंतर येतो. उलट गुप्तता असली की तोतयाचे फावते, कारण यादी कचेरीत ज्याला पाहायला मिळते तोच खऱ्या वारसाच्या आधी पोहोचतो. एजंट हा प्राणी अशाच अंधारात पोसला जातो. तिसरा आक्षेप रकमा क्षुल्लक असल्याचा. एकेक ठेव क्षुल्लक असेलही, पण मोबदल्याच्या किरकोळ वाट्यातून एखाद्या म्हातारीचा दवाखाना निघतो. आणि क्षुल्लक असेल तर सरकारलाही ती सोडवत का नाही?

दिशा फिरवता येते, याचे पुरावे आहेत. अमेरिकेतली राज्ये बेवारस पैशाची नावे जाहीर करतात आणि कुणालाही त्यांत आपले नाव शोधता येते. इंग्लंडमध्ये वारस न सापडलेल्या मालमत्तांची यादी सरकारी विधी विभागाने प्रसिद्ध केली आहे. बारा वर्षांपर्यंत दावा हक्काने चालतो, तीस वर्षांपर्यंत विचारात घेतला जातो. आपल्याकडे बँकांबाबत हे घडले. दहा वर्षे न हाललेल्या ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. मार्च २०२४ अखेर तिथे ७८,२१३ कोटी रुपये होते. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू झाले, जिथे नाव टाकून निरनिराळ्या बँकांतली ठेव शोधता येते. अमळनेरला ज्या कंपनीचा जन्म १९४५ साली वनस्पती तुपातून झाला त्या विप्रोचे शेअर आजोबांनी घेतले होते का, हे शोधणाऱ्या खानदेशी घरांनाही गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे दाद मागता येते. पण तहसीलच्या महसुली ठेवी, कोर्टातल्या अनामती, नगरपरिषदेकडच्या सुरक्षा ठेवी ‘उद्गम’वर दिसत नाहीत, तो बँकांपुरता आहे. राज्याच्या बाजूने सर्वांत आशादायक गोष्ट पैशाच्या नव्हे, जमिनीच्या खात्यात झाली. २०२५ मध्ये जामनेरला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात सुरू झालेली आणि नंतर राज्यभर नेलेली ‘जिवंत सातबारा’ मोहीम. तिच्यात तलाठ्याने चावडीवर मयत खातेदारांची नावे वाचायची, वारसांनी पुढे यायचे आणि नोंद फी न घेता दुरुस्त करायची. चावडीवाचन हा जुना शब्द या मोहिमेत कामाला लागला.

हे वाचन एका वहीपुढे थांबते. तलाठ्याकडे सातबारा असतो. निवाड्यातल्या न उचललेल्या रकमांची आणि व्यपगत ठेवींची यादी भूसंपादन अधिकाऱ्याकडे, कोर्टाकडे आणि उपकोषागाराकडे विखुरलेली असते. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सांगते की सरकारी कार्यालयाने माहिती मागण्याची वाट न पाहता आपणहून जाहीर करावी, त्यामुळे या याद्या गावनिहाय लावून चावडीवर वाचायला नवा कायदा लागत नाही. पीजेची अडीच फुटी गाडी २०२० मध्ये थांबली, आणि ती लाईन ब्रॉडगेज करून बोदवडकडे वाढवण्याची योजना आहे. तिच्यासाठी पुन्हा मोजणी होईल, पुन्हा निवाडे होतील, आणि ज्या सातबाऱ्यांवर अजून ‘ए.कु.मॅ.’ आहे तिथला मोबदला वाद म्हणून पुन्हा जमा ठेवला जाईल. जामनेर-पाचोऱ्याच्या खातेदारांनी वारसनोंद निवाड्याआधी करून घेतली तर तो चेक त्यांच्या हातात येईल, आणि निवाडा आधी झाला तर त्यांना ती रक्कम तीन पुरी हिशेबी वर्षे संपण्याच्या आत कोर्टाच्या किंवा कोषागाराच्या दारात जाऊन मागावी लागेल. त्यानंतरही मागता येईल, फक्त अर्ज मुंबईपर्यंत जाईल.